यादीतले नाव आणि न्यायालयाचे बंद दार

इटलीच्या मालकीचे, पण चोहोबाजूंनी स्वित्झर्लंडच्या भूमीने वेढलेले काम्पिओने नावाचे एक छोटेसे गाव लुगानो सरोवराच्या काठी आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १.६ चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या खेड्याचे शिवारही याहून मोठे असते. या गावात राहणाऱ्या युसुफ नादा या सत्तर वर्षांच्या व्यावसायिकाचे नाव नोव्हेंबर २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेच्या एका यादीत गेले. ती यादी अल् कायदा आणि तालिबान यांच्याशी संबंध असल्याचा ठपका ठेवलेल्यांची होती. त्यांची मालमत्ता गोठवली गेली. स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर पाऊल ठेवण्यास मनाई केली आणि गावाच्या चारी दिशांना स्वित्झर्लंडच असल्यामुळे हा वृद्ध किमान सहा वर्षे त्या एवढ्याशा जागेत अडकून पडला. डॉक्टरकडे जायचे तर परवानगी हवी, आप्तांना भेटायचे तर परवानगी हवी, आणि मागितलेली परवानगी मिळेलच याची खात्री नाही. खुद्द स्वित्झर्लंडच्या सरकारी अभियोक्त्यांनी साडेतीन वर्षे तपास करून, आरोपांना आधार नाही म्हणून, मे २००५ मध्ये प्रकरण बंद केले. तरीही नाव यादीत राहिलेच. तपासाचा हा निष्कर्ष सुरक्षा परिषदेच्या समितीला कळवला गेला तो सप्टेंबर २००९ मध्ये, आणि त्याच महिन्यात नाव वगळले गेले.

नादा यांची राजकीय मते आम्हांला मान्य आहेत असे मुळीच नाही. पण येथे प्रश्न मतांचा नाही. जवळजवळ आठ वर्षे चाललेल्या या शिक्षेचा निकाल कोणत्या न्यायालयाने दिला? कोणता साक्षीदार तपासला गेला? कोणत्या पुराव्याला उत्तर देण्याची संधी या माणसाला मिळाली? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: कोणतेही नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडला दोषी ठरवले आणि नादा यांच्या खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा, तसेच परिणामकारक दाद मागण्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला. तोवर ते ऐंशीच्या पुढे गेले होते.

ही यादी कशी तयार होते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने १२६७ क्रमांकाचा ठराव करून तालिबानवर निर्बंध घातले. पुढील ठरावांनी हे निर्बंध ओसामा बिन लादेन व अल् कायदा यांच्याशी संबंधित माणसांना आणि संस्थांना लागू झाले, आणि जानेवारी २००२ नंतर अफगाणिस्तानशी भौगोलिक संबंध असण्याचीही अट उरली नाही. जगातील कोणत्याही माणसाचे नाव एखादे राष्ट्र सुचवू शकते. परिषदेच्या पंधरा सदस्यांची समिती बंद दाराआड बसते आणि हरकत न आल्यास नाव नोंदले जाते. मग प्रत्येक राष्ट्राने त्या माणसाची मालमत्ता गोठवावयाची आणि त्याला आपल्या सीमेत येऊ द्यावयाचे नाही. पहिल्या काही वर्षांत तर संबंधिताला आरोप कळवण्याची रीतसर सोयदेखील नव्हती. मुदत नाही, अपील नाही, न्यायाधीश नाही. आरोप करणारे राष्ट्र हेच निकाल देणाऱ्यांपैकी एक असू शकते. नैसर्गिक न्यायाचे जे पहिले तत्त्व आपण ग्रामपंचायतीच्या वादातही पाळतो, की कोणी आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, ते जगाच्या सर्वोच्च राजकीय व्यासपीठावर गुंडाळून ठेवले गेले.

अशा व्यवस्थेचा पहिला घाव कोणावर बसतो, हेही पाहिले पाहिजे. अल् बराकात ही सोमाली लोकांची पैसे पोहोचवणारी एक मोठी संस्था होती. युरोपात आणि अमेरिकेत काबाडकष्ट करणारे सोमाली स्थलांतरित तिच्यामार्फत आपल्या घरी पैसे धाडीत. ज्या देशात धड बँकाच उरल्या नव्हत्या, तेथे हजारो चुली त्यावर पेटत होत्या. नोव्हेंबर २००१ मध्ये ही संस्था यादीत गेली आणि तिचे व्यवहार एका फटक्यात थांबले. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या संसार चालवले, त्या कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अमेरिकेतील ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी २००४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या संस्थेने अल् कायदाला पैसा पुरवल्याचा पुरावा हाती आला नसल्याचे नमूद आहे. स्वीडनचे नागरिक असलेल्या तिघा सोमालींची नावेही या संस्थेबरोबर यादीत गेली होती. त्यांना घरखर्चाला पैसा उरला नाही, तेव्हा सामान्य स्वीडिश लोकांनी निर्बंधांची पर्वा न करता उघडपणे वर्गणी जमवली. तिघांपैकी दोघांची नावे ऑगस्ट २००२ मध्ये वगळण्यात आली.

या अंधारात प्रकाशाची पहिली तिरीप युरोपीय संघाच्या न्यायालयातून आली. यासिन कादी या सौदी उद्योगपतीचे नाव ऑक्टोबर २००१ मध्ये यादीत गेले होते. त्याने दाद मागितली, तेव्हा २००५ मध्ये खालच्या न्यायालयाने हात वर केले: सुरक्षा परिषदेचे ठराव सर्व राष्ट्रांवर बंधनकारक, ते तपासण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ३ सप्टेंबर २००८ रोजी वरच्या न्यायालयाने कादी आणि अल् बराकात या दोघांच्याही बाबतीत हा निर्णय फिरवला. सुरक्षा परिषदेच्या ठरावाचे आंतरराष्ट्रीय कायद्यातील श्रेष्ठत्व त्याने नाकारले नाही. मात्र तो ठराव अमलात आणण्यासाठी युरोपात जो नियम केला जाईल, तो मूलभूत हक्कांच्या कसोटीला उतरलाच पाहिजे, असे त्याने बजावले. ज्याच्यावर आरोप आहे त्याला कारणे कळली पाहिजेत, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे आणि न्यायालयाला त्याची छाननी करता आली पाहिजे. यानंतर त्रोटक कारणांचा एक कागद पुढे करून त्याच माणसाचे नाव पुन्हा युरोपीय यादीत घालण्यात आले. पुन्हा खटला झाला. जुलै २०१३ मध्ये अंतिम निकाल लागला: कारणे सिद्ध करण्याचे ओझे सत्तेवर आहे, आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे यादीतल्या माणसावर टाकता येणार नाही. दरम्यान ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरक्षा परिषदेनेच ते नाव काढून टाकले होते.

या निकालातील एक बारकावा आपल्या टीकाकारांच्या निदर्शनास आणून देण्याजोगा आहे. खाते गोठवण्यापूर्वी संशयिताला नोटीस द्यावी असे न्यायालयाने म्हटले नाही. नोटीस दिली तर पैसा रातोरात पसार होईल, हे त्याला समजत होते. पहिली कारवाई अचानक करा. पण ती केल्यावर कारणे सांगा, ऐकून घ्या आणि न्यायालयाला उत्तर द्या, एवढीच त्याची मागणी होती. विधिप्रक्रियेचा आग्रह म्हणजे दहशतवाद्यांना पळून जाण्यास वाट करून देणे, हा जो प्रचार सर्वत्र चालतो, त्याला याहून समर्पक उत्तर कोणते असू शकेल?

कादी हा धनाढ्य माणूस आहे. त्याच्याविषयी समाजवाद्यांना ममत्व वाटण्याचे कारण नाही. किंबहुना, त्याच्या जवळ पैसा होता म्हणूनच तो लक्झेंबर्गच्या न्यायालयात वर्षानुवर्षे लढू शकला. गोठवलेल्या खात्यातून वकिलाची फी भागवू न शकणाऱ्या मजुराचे काय? हक्क जेव्हा कायद्यात स्पष्ट लिहिलेला नसतो, तेव्हा तो फक्त श्रीमंतांना विकत घेता येतो. म्हणून विधिप्रक्रियेचा प्रश्न हा मध्यमवर्गीय वकिलांचा शौक आहे असे मानणारे आपल्यातील काही मित्र चूक करीत आहेत. हा गरिबांचा प्रश्न आहे.

युरोपातील या निकालांच्या दबावाने सुरक्षा परिषदेलाही काही पावले टाकावी लागली. डिसेंबर २००९ मध्ये या यादीसाठी एक लोकपाल नेमण्याचे ठरले. त्या पदावर आलेल्या पहिल्या व्यक्ती, किंबर्ली प्रॉस्ट, या कॅनडाच्या न्यायाधीश होत्या. जून २०११ नंतर तर लोकपालांनी नाव वगळण्याची शिफारस केली, की समितीने एकमताने विरोध केल्याशिवाय किंवा प्रकरण खुद्द परिषदेकडे गेल्याशिवाय ६० दिवसांनी नाव आपोआप वगळले जाते. ही सुधारणा खरीच. पण लोकपाल म्हणजे न्यायालय नव्हे. शेवटचा शब्द राजकीय सत्तांचाच राहतो. शिवाय अल् कायदा व आयसिस यांच्या यादीपुरतीच ही सोय आहे. तालिबानविषयक वेगळ्या यादीतल्या माणसाला हे दार उघडे नाही.

येथे कोणी म्हणेल, आंतरराष्ट्रीय कायद्यानेच राष्ट्रांना दहशतवादाविरुद्ध कठोर होण्यास सांगितले आहे, मग तक्रार कशाची? हे अर्धसत्य आहे. २८ सप्टेंबर २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवण्याचे बंधन सर्व राष्ट्रांवर घातले, हे खरे. परंतु दहशतवाद म्हणजे काय, याची व्याख्या त्या ठरावाने केली नाही. सर्वंकष करारासाठी भारताने १९९६ मध्ये मांडलेला मसुदा अजूनही संमत झालेला नाही. व्याख्या नाही आणि बंधन आहे, अशा स्थितीत प्रत्येक सरकार आपल्या सोयीची व्याख्या करते. दुसरीकडे, जानेवारी २००३ मध्ये याच सुरक्षा परिषदेने १४५६ क्रमांकाच्या ठरावासोबतच्या निवेदनात, दहशतवादविरोधी उपाय मानवी हक्कांच्या कायद्याशी सुसंगत असलेच पाहिजेत, असे बजावले. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौदावे कलम निष्पक्ष सुनावणीची आणि निर्दोषत्वाच्या गृहीतकाची हमी देते. आणीबाणीतही या हमीचा गाभा बाजूला सारता येत नाही, असे या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा एक हात देतो आणि दुसरा हात आवरतो. सरकारांना मात्र फक्त पहिलाच हात दिसतो.

भारत सरकार याला अपवाद नाही. आपल्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) कायद्याच्या प्रस्तावनेतच १३७३ आणि १२६७ या ठरावांचा उल्लेख आहे. २००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरील हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ज्या दुरुस्त्या घाईघाईने संमत झाल्या, त्यांतून तो तेथे आला. त्याच दुरुस्त्यांनी आरोपपत्रापूर्वीची कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढवली आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देऊ नये असे न्यायालयांना बांधून टाकले. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. तोपर्यंत संघटना दहशतवादी म्हणून जाहीर करता येत असे; आता एकट्या व्यक्तीलाही करता येते. त्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही, खटलादेखील भरावा लागत नाही. अमुक माणूस दहशतवादात गुंतलेला आहे असे केंद्र सरकारला वाटले आणि राजपत्रात नाव छापले, की तो दहशतवादी झाला. नाव वगळावे म्हणून अर्ज करावयाचा तो त्याच सरकारकडे. तो फेटाळला गेला तर पुनर्विलोकन समितीकडे जावयाचे. तिचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात, पण समिती नेमते सरकारच.

सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली पहिली चार नावे मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लख्वी आणि दाऊद इब्राहिम यांची होती. त्यांच्यासाठी अश्रू ढाळणारा कोण असणार? कायदे असेच रुजतात. पहिले नाव नेहमी असे निवडले जाते, की विरोध करणाऱ्यालाच लाज वाटावी. दंडशक्तीचे खरे स्वरूप पहिल्या नावात दिसत नाही. पुढे कधी तरी, आपल्या ओळखीचे नाव येते तेव्हा ते दिसते.

याविषयी बोलू लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो: बाँबस्फोटात मेलेल्यांचे मानवी हक्क कोठे गेले? या प्रश्नाची हेटाळणी करणे अमानुष ठरेल. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत जे १८० हून अधिक लोक मारले गेले, ते दिवसभराचे काम उरकून घरी परतणारे चाकरमाने होते. त्यांच्या घरच्यांना न्याय मिळाला का? मोक्का कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बाराजणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराहीजणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे दिसते, ओळखपरेड विश्वासार्ह नाही, असे त्या निकालाने म्हटले. बारांपैकी एकजण फाशीची शिक्षा डोक्यावर असतानाच २०२१ मध्ये तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार अपिलात गेले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. म्हणजे स्फोटाला १९ वर्षे उलटल्यावरही मृतांच्या आप्तांच्या हाती पक्के उत्तर नव्हते, आणि इतकी वर्षे काही माणसे कोठडीत होती. कबुलीजबाबावर विसंबणारा कायदा पोलिसांना तपासाच्या कष्टांतून मोकळे करतो. त्याची किंमत आरोपी आणि बळी दोघेही मोजतात. चुकीचा माणूस तुरुंगात असेल, तर खरा गुन्हेगार बाहेर असतो, एवढे साधे गणित आहे.

हे सर्व सांगण्याचा अधिकार समाजवादी चळवळीला तिच्या इतिहासाने दिला आहे, आणि त्याच इतिहासाने तिला मान खाली घालण्यासही लावले आहे. १९७६ साली जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांचे सहकारी बडोदा डायनामाइट प्रकरणात आरोपी होते. त्या काळच्या सत्तेच्या दृष्टीने ते देशाचे शत्रू होते. तरी निदान आरोपपत्र होते, न्यायालय होते, बेड्यांसह का होईना, उभे राहून बोलण्याची जागा होती. स्नेहलता रेड्डी यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यांचे नाव अखेरच्या आरोपपत्रात नव्हते; तरी ‘मिसा’खाली बंगळूरच्या तुरुंगात त्यांना अडकवून ठेवले गेले. दम्याने खंगलेल्या अवस्थेत जानेवारी १९७७ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडले आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. न्यायालयाविना दिलेल्या शिक्षेचा अर्थ आपल्या चळवळीने पुस्तकातून शिकलेला नाही.

जनता राजवटीने ४४ वी घटनादुरुस्ती करून जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही अशी तरतूद केली, आणि एप्रिल १९७९ मध्ये भारत नागरी व राजकीय हक्कांच्या करारात सामील झाला. ती आपली कमाई होती. पण त्याच वेळी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या तरतुदींना धक्का लागू नये म्हणून नवव्या कलमावर आक्षेप नोंदवून ठेवला गेला, हे विसरता येत नाही. आणि २६ मार्च २००२ रोजी संसदेच्या संयुक्त बैठकीत ‘पोटा’ संमत झाला, तेव्हा डायनामाइट खटल्यातले तेच जॉर्ज त्या सरकारात संरक्षणमंत्री होते. काँग्रेस आघाडीने २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द केला, पण त्यातील बऱ्याच तरतुदी दुसऱ्या कायद्यात नेऊन बसवल्या. सत्तेत गेलेला प्रत्येक पक्ष या शस्त्राच्या मोहात पडला आहे. म्हणूनच हा प्रश्न कोणत्याही सरकारच्या सदिच्छेवर सोपवता येणार नाही.

मग आपण मागावयाचे काय? व्यक्तीला दहशतवादी जाहीर करण्याची २०१९ ची तरतूद रद्द व्हावी. ती होईपर्यंत निदान कारणे लेखी कळवावीत, ठरावीक मुदतीत न्यायालयात सुनावणी व्हावी आणि सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असावे. जामिनावरील बंधन काढून टाकावे. खटला लांबला तर ते बंधन असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले. पण त्याच वर्षी जुलैत ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जामीन मिळण्यापूर्वीच मुंबईत मरण पावले. भारताने नवव्या कलमावरील आक्षेप मागे घ्यावा. ज्या ऐच्छिक मसुद्यामुळे नागरिकाला मानवी हक्क समितीकडे स्वतः तक्रार नेता येते, तोही स्वीकारावा. संयुक्त राष्ट्रसंघात सर्व यादींसाठी स्वतंत्र लोकपालाची मागणी भारताने करावी. आणि तितक्याच आग्रहाने आपण बळींच्या कुटुंबांना भरपाई, साक्षीदारांना संरक्षण, आणि कबुलीजबाबाऐवजी पुराव्यावर चालणारा सक्षम तपास मागितला पाहिजे.

या मागण्यांनी सभेत टाळ्या पडणार नाहीत. एखाद्या स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी त्या बोलून दाखवणे तर अतिशय अवघड जाईल. पण जो हक्क शांततेच्या दिवसांतच तोंडातून निघतो, तो हक्क नसून सभ्यतेचा एक अलंकार असतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यांत, युनियनच्या बैठकांत, वाचनालयांत हा विषय मांडावा. नाव यादीत घालण्यास एक सही पुरते. ते काढण्यास काही माणसांना आयुष्याची उतरती वर्षे द्यावी लागली आहेत. त्या एका सहीसमोर न्यायालयाचे दार उघडे ठेवणे, हे आपले काम आहे.